यादी कोण करतं? साम्यवादी देशांतल्या संसदा आणि जनता

हनोईकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा एक प्रश्न मांडते. थोडं लांबेल.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं हनोईत राहत होतो. २३ मे २०२१, रविवार. सकाळी सकाळी गल्लीतल्या खांबावरचा सरकारी कर्णा सुरू झाला, मतदानाला चला म्हणून. आमच्या घरमालकीणबाई, वय साठीच्या पुढे, घरातल्या चौघांची मतदार कार्डं घेऊन निघाल्या आणि अर्ध्या तासात परत आल्या. म्हणाल्या, "सगळ्यांचं उरकून आले." एकाने घरादाराचं मत टाकणं तिथल्या कायद्यातही बसत नाही, पण सर्रास चालतं. मी विचारलं, कुणाला दिलंत? तर म्हणाल्या, "पाच नावं होती, तीन ठेवायची होती. खालची दोन खोडली." तिथे मतपत्रिकेवर नको त्या नावावर काट मारायची असते.

आता दुसरी गोष्ट. संसदेत मंत्र्यांना प्रश्न विचारायचे दिवस आले की याच बाई हातातलं काम टाकून टीव्हीपुढे बसायच्या. ही प्रश्नोत्तरं थेट दाखवतात. एखाद्या प्रतिनिधीने मंत्र्याला धारेवर धरलं की म्हणायच्या, "बघ, हा आमच्या मनातलं बोलला." तो त्यांच्या मतदारसंघाचा नसला तरी.

त्या निवडणुकीत जागा ५०० आणि शेवटच्या यादीत उमेदवार ८६८. निवडून आलेल्या ४९९ जणांत कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नसलेले १४, आणि स्वतःहून उभे राहून जिंकलेले फक्त ४. यादीत नाव येण्याआधी 'पितृभूमी आघाडी' ही पक्षाच्याच छत्राखालची संघटना तीन फेऱ्यांत नावं चाळते.

बाईंनी ज्यांना मत दिलं त्यांची नावं त्यांना माहीत नव्हती, आणि जो त्यांच्या मनातलं बोलला त्याला त्यांनी मत दिलेलं नव्हतं. मग या संसदा जनतेचं प्रतिनिधित्व करतात असं म्हणायचं की नाही? तिथे राहिलेल्यांनी, अभ्यास असलेल्यांनी कृपया लिहा.

टिवल्याबावल्या

आमच्या सोसायटीत अठरा वर्षं एकच सेक्रेटरी आहेत, दर वेळी बिनविरोध. दुसरं कुणी उभंच राहत नाही, कारण मग पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडणार कोण? जाऊ दे. धागा आवडला, वाचतोय.

कलम_१९

उत्तर सरळ आहे. नाही.

मार्च २०१८, बीजिंग, चीनची संसद. राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती, ही घटनेतली अट काढायची होती. बाजूने २,९५८, विरोधात २, तटस्थ ३. मार्च २०२३ मध्ये शी जिनपिंग तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा २,९५२ विरुद्ध शून्य. तीन हजार माणसांचं जेवणाच्या पंगतीतल्या भाजीवरही इतकं एकमत होत नाही. जिथे 'नाही' म्हणण्याची किंमत फार मोठी असते तिथेच असे आकडे येतात.

चिनीमाती

कलम_१९, निकालाबद्दल वाद नाही. पण आत काय चालतं तेही बघायला हवं. मी चिनी भाषा शिकायला आणि नंतर दुभाष्या म्हणून मिळून सात वर्षं तिकडे काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे सामान्य चिनी माणूस थेट मत देतो ते फक्त तालुक्याच्या आणि गावपातळीच्या काँग्रेससाठी, म्हणजे तिथल्या लोकप्रतिनिधींच्या सभेसाठी. तिथून वर शहर, प्रांत, आणि शेवटी सुमारे तीन हजारांची नॅशनल पीपल्स काँग्रेस, या सगळ्या पायऱ्या खालच्या सभागृहाने वरचं निवडायचं अशा. प्रत्येक पायरीवर यादी पक्षाच्या हाताखालून जाते. बीजिंगची मोठी बैठक वर्षातून एकदा, मार्चमध्ये, आठवडा-दोन आठवड्यांची. बाकी वर्षभराचं काम स्थायी समिती करते.

दुसरी गोष्ट मतांच्या वजनाची. १९५३ च्या निवडणूक कायद्यात राष्ट्रीय पातळीवर शहरातल्या एका माणसाबरोबर खेड्यातली आठ माणसं धरली होती. १९९५ मध्ये ते एकास चार झालं आणि २०१० मध्ये एकास एक. शेतकऱ्यांच्या जिवावर क्रांती झाली, त्यांना कागदावर समान मत मिळायला साठ वर्षं लागली. हे मला फार लागतं.

पण विरोध अजिबात होत नाही असं नाही. एप्रिल १९९२ मध्ये तीन घळींच्या धरणाचा ठराव आला. बाजूने १,७६७, विरोधात १७७, तटस्थ ६६४. म्हणजे सभागृहाच्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी होकार दिला नाही. धरण झालंच, बारा लाखांहून जास्त माणसं उठवली गेली. कोयनेच्या, उजनीच्या धरणग्रस्तांच्या घरातून आलेल्या माणसाला तो ६६४ चा आकडा वाचून काय वाटतं ते सांगायला नको. २००१ मध्ये शेनयांग शहराच्या काँग्रेसने तिथल्या न्यायालयाचा वार्षिक अहवाल चक्क नामंजूर केला होता. असं तोवर घडलं नव्हतं.

आणि एक नाव सांगतो, हू शियाओयान. २००८ मध्ये पहिल्यांदा तीन स्थलांतरित कामगार राष्ट्रीय काँग्रेसवर गेले, त्यातली ही एक. मूळची सिचुआनची, ग्वांगडोंगमध्ये फरशांच्या कारखान्यात कामाला. निवडून आल्यावर देशभरातून कामगारांचे फोन यायला लागले. कुणाची मजुरी थकलेली, कुणाचा हात मशिनमध्ये गेलेला. तिच्याकडे ना कचेरी, ना मदतनीस, ना अधिकार. कारखान्यातली पाळी करून ती किती फोन घेणार? शेवटी तिला फोन बंद ठेवावा लागला. ती त्या लोकांची प्रतिनिधी होती की नव्हती? मनाने होती असं मला वाटतं. तिच्या हातात काहीच दिलेलं नव्हतं.

मधुमालती

चिनीमाती, हू शियाओयानबद्दल माहीत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं.

मी लाइपझिगला राहते, म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीत. शेजारच्या आजी ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्याकडून एक शब्द शिकले, 'झेटलफाल्टेन', म्हणजे कागद दुमडणे. मतदानाला जाते असं कुणी म्हणायचंच नाही, कागद दुमडायला जाते म्हणायचे. राष्ट्रीय आघाडीची एकच एकत्र यादी असायची. कागद घ्यायचा, काही न लिहिता दुमडायचा, पेटीत टाकायचा. झालं मत. कोपऱ्यात आडोसा असायचा, पण आडोशाकडे चार पावलं टाकली की टेबलामागच्या लोकांना कळायचं, ही काहीतरी खोडणार. आजी म्हणतात, "ती चार पावलं मी तीसेक वर्षांत एकदाच टाकली, मे १९८९ मध्ये."

तीच ती ७ मे १९८९ ची स्थानिक निवडणूक. अधिकृत निकाल आला, यादीच्या बाजूने ९८.८५ टक्के. पण या वेळी लोक मोजणीला जाऊन बसले होते. कायद्याने मोजणी खुली होती, फक्त आजवर फारसं कुणी गेलं नव्हतं. केंद्राकेंद्रावर विरोधी मतं वहीत टिपली, बेरीज केली, आणि जाहीर आकडा खोटा निघाला. त्यानंतर दर महिन्याच्या ७ तारखेला बर्लिनमध्ये लोक निषेधाला जमायला लागले. नोव्हेंबरात भिंत पडली.

त्यांच्या फोल्क्सकामरमध्ये, म्हणजे संसदेत, चाळीस वर्षांत एकदाच एकमत मोडलं होतं. ९ मार्च १९७२, गर्भपाताचा कायदा, ख्रिश्चन डेमोक्रॅट गटातली १४ मतं विरोधात आणि ८ तटस्थ. कायदा मंजूर झालाच, आणि आजी त्या कायद्याच्या बाजूच्या आहेत. तरी म्हणतात, त्या चौदांचा हेवा वाटला.

गिरणगावकर

सर्वांना नमस्कार. मी पक्षाचं काम केलेला माणूस, वय ७४. लाल झेंड्याखाली उभं आयुष्य गेलं, तेव्हा माझं मत कुठल्या बाजूला झुकणार ते उघड आहे. तरीही ऐका.

प्रतिनिधित्व म्हणजे कोण बसलंय ते बघा की. आपल्या लोकसभेत २०२४ ला ५४३ मध्ये स्त्रिया किती? ७४. व्हिएतनामच्या संसदेत ३० टक्के. क्युबात निम्म्याहून जास्त. क्युबात नगरपालिकेचा उमेदवार मोहल्ल्याच्या सभेत हात वर करून ठरतो, पक्षाचं तिकीट नाही, पैशाचा खेळ नाही. आपल्याकडे गिरणी कामगाराचा पोरगा आज आमदारकीला उभा राहू शकतो का? पोस्टरच्या खर्चातच त्याचं घर विकलं जाईल. १९५७ मध्ये कॉम्रेड डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले ते कामगारांच्या जोरावर.

आणि लोकशाहीच्या गप्पा मारताना हे विसरू नका की मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई महापालिकेत तीन वर्षांहून जास्त काळ एकही नगरसेवक नव्हता. गटार तुंबलं तर कुणाकडे जायचं? प्रशासकाकडे. तो कुणी निवडलेला?

कलम_१९

काका, तुमच्या वयाचा आणि कामाचा पूर्ण आदर ठेवून लिहितो. महापालिकेचं जे झालं ते वाईटच झालं. पण त्यावर लोक कोर्टात गेले, वर्तमानपत्रांनी लिहिलं, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं. ही वाट तिकडे कुठे आहे?

क्युबाचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. मोहल्ल्याची सभा खरी आहे. पण राष्ट्रीय सभेला मार्च २०२३ मध्ये जागा ४७० आणि उमेदवारही ४७०. हात वर करण्याची मुभा तळाशी, आणि वर पोचेपर्यंत निवडच उरत नाही.

आणि स्त्रियांबद्दल. चीनच्या काँग्रेसमध्ये चौथा हिस्सा स्त्रिया आहेत. २०२२ मध्ये जे २४ जणांचं पॉलिट ब्युरो झालं, जिथे खरे निर्णय होतात, त्यात एकही नाही. खुर्च्या कुठे वाटल्या आणि सत्ता कुठे ठेवली हे यावरून कळतं.

गोदाकाठ

बिनविरोध वरून आठवलं, थोडं अवांतर.

आमच्याकडे गाव बिनविरोध झालं की कौतुक होतं, पेपरात फोटो येतो. मी स्वतः एकदा असाच बिनविरोध सदस्य झालो. देवळात बैठक बसली, वडीलधाऱ्यांनी नावं वाचली, सगळ्यांनी माना डोलावल्या. भांडण नाही, खर्च नाही. पण त्या पाच वर्षांत वस्तीवरच्या लोकांनी एकदाही मला अडवून जाब विचारला नाही. "तुम्हाला गावानं ठेवलंय," म्हणायचे. आम्ही निवडलंय असं कुणी म्हणालं नाही. पुढच्या वेळी चुरशीने लढून आलो, तीसच मतांनी, तर दुसऱ्याच दिवशी दारात माणूस हजर, हातपंपाचं काय झालं? फरक मला तेव्हा कळला.

आणि बिनविरोध म्हणजे दरवेळी एकोपाच असतो असंही नाही. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारचं खोंडामळी, दोन्हीकडे पदाचा लिलाव झाल्यामुळे राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये निवडणूकच रद्द केली होती.

टिवल्याबावल्या

गोदाकाठ, "ठेवलंय" आणि "निवडलंय" यातला फरक घरी जेवताना वाचून दाखवला. वडील जेवायचे थांबले.

चिनीमाती

लिलावावरून. चीनमध्ये लिआओनिंग प्रांतातून राष्ट्रीय काँग्रेसवर गेलेल्या ४५ प्रतिनिधींची पदं २०१६ मध्ये रद्द झाली, मतं विकत घेतली म्हणून. मत देणारे होते प्रांताच्या काँग्रेसचे सदस्य. जी खुर्ची नुसती टाळ्या वाजवायला आहे असं आपण म्हणतो, तिच्यासाठी लोक पैसे मोजत होते. ओळखी, संरक्षण, धंद्याला आधार. म्हणजे खुर्चीला वजन होतं, पण त्याचा मतदाराशी काही संबंध नव्हता.

उत्तररात्र

मी १९८७ ते ९२ मॉस्कोत शिकायला होतो. या धाग्यावर लिहायलाच हवं.

आमचे प्राध्यापक सांगायचे, सुप्रीम सोव्हिएत, म्हणजे तिथली संसद, वर्षातून दोनदा काही दिवस भरतं, सगळे हात एकदम वर जातात, घरी जातात. मतपत्रिकेवर एकच नाव. मग गोर्बाचेव्हने नियम बदलले आणि मार्च १९८९ मध्ये पीपल्स डेप्युटीजच्या काँग्रेसची निवडणूक झाली. २,२५० प्रतिनिधी, त्यातले १,५०० मतदारसंघांतून आणि ७५० संस्थांकडून. खुद्द कम्युनिस्ट पक्षाला १०० जागा होत्या आणि त्याने उमेदवार दिले बरोबर १००. पण मतदारसंघांत काय झालं बघा. लेनिनग्राडचा पक्षप्रमुख सोलोव्ह्योव्ह एकटाच उभा होता, विरोधात कुणी नाही. निम्म्याहून जास्त मतदारांनी त्याचं नाव खोडलं. बिनविरोध उभा राहून माणूस पडला! आमच्या हॉस्टेलवर ती बातमी आली तेव्हा स्वयंपाकघरात रशियन पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली होती.

२५ मेपासून बैठक टीव्हीवर थेट. लोक कामावर रेडिओ कानाला लावून बसायचे, ट्रामच्या ड्रायव्हरकडे रेडिओ, भाजीच्या रांगेत रेडिओ. ९ जूनला साखारोव्ह बोलायला उभे राहिले. सात वर्षं गॉर्की शहरात नजरकैदेत काढलेला म्हातारा शास्त्रज्ञ. पक्षाचा सत्तेवरचा एकाधिकार काढा म्हणून बोलत राहिले, वेळ संपला म्हणून गोर्बाचेव्हने माइक बंद करवला, तरी ते बोलतच होते. ओठ हलताना दिसायचे. मी ते पडद्यावर पाहिलंय. डिसेंबरात ते गेले.

तेव्हा हनोईकर ताई, माझा अनुभव असा की माणसं तीच होती, इमारत तीच, झेंडाही तोच. फक्त यादी थोडी सैल झाली, आणि त्याच देशातून असं सभागृह निघालं की सगळा देश कान लावून बसला. लोकांना प्रतिनिधी नको होते असं नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

नारळीपौर्णिमा

माहेर सांगली, सासर त्रिशूर. केरळचं कुणीच कसं लिहिलं नाही? १९५७ मध्ये ई. एम. एस. नंबुदिरिपाद यांचं कम्युनिस्ट सरकार मतपेटीतून आलं. १९५९ मध्ये ते केंद्राने बरखास्त केलं, हेही लक्षात ठेवा. तेव्हापासून कम्युनिस्ट इथे आले, पडले, परत आले. बंगालात ३४ वर्षं राहिले आणि २०११ ला हरल्यावर खुर्ची सोडून घरी गेले. माझे सासरे पक्के पक्षवाले. निवडणुकीआधी दोन महिने ते घरोघरी जाऊन लोकांच्या शिव्या खातात आणि वहीत लिहून आणतात. कारण हरू शकतो ही भीती आहे. दोष विचारसरणीचा आहे की दुसरा पक्षच नसण्याचा, हे या धाग्यात वेगळं करायला हवं.

गिरणगावकर

नारळीपौर्णिमा, धन्यवाद. हे मी लिहायला हवं होतं.

उत्तररात्र यांचं वाचून रात्री झोप लागली नाही. साखारोव्हबद्दल त्या काळी आमच्या बैठकांमध्ये जे बोललं जायचं ते मला आता इथे लिहवत नाही. गोदाकाठ म्हणतात तो जाब आम्ही गिरणीच्या गेटवर रोज देत होतो. कामगार कॉलर धरायचा. तो जाब वरच्या पायरीवर का नको, हा प्रश्न आम्ही तेव्हा विचारायला हवा होता. पैशावाल्यांच्या लोकशाहीबद्दलचा माझा आक्षेप मात्र कायम आहे, त्याला कुणी उत्तर दिलेलं नाही.

कलम_१९

काका, आक्षेप मान्य. त्याला माझ्याकडेही उत्तर नाही. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आपला आमदारही व्हिपबाहेर मत देऊ शकत नाही, हे मीच माझ्या बाजूविरुद्ध लिहून ठेवतो.

हनोईकर

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येते.

व्हिएतनामच्या दोन गोष्टी राहिल्या होत्या. जून २०१० मध्ये सरकारने हनोई ते हो ची मिन्ह सिटी वेगवान रेल्वेचा ५६ अब्ज डॉलरचा प्रस्ताव आणला आणि संसदेने तो चक्क फेटाळला. कर्ज फेडणार कोण, हा प्रश्न प्रतिनिधींनी उघड विचारला. पक्षातच दुमत होतं म्हणून ते शक्य झालं, असंही तिकडे म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तीच रेल्वे ६७ अब्ज डॉलरला मंजूर झाली. दुसरं, २०१३ पासून तिथे मंत्र्यांवर विश्वासदर्शक मतदान होतं. पहिल्याच खेपेला पंतप्रधानांना १६० जणांनी खालची श्रेणी दिली. पण श्रेणी तीनच, 'जास्त विश्वास', 'विश्वास' आणि 'कमी विश्वास'. अविश्वासाला मतपत्रिकेवर जागाच नाही.

काल घरमालकीणबाईंना व्हिडिओ कॉल केला आणि सरळ विचारलं. २०२१ ला ठेवलेल्या तिघांपैकी एकाचंही नाव त्यांना सांगता आलं नाही. पण अधिवेशनाआधी वॉर्डात प्रतिनिधी मतदारांना भेटतात, त्या बैठकीला त्या गेल्या होत्या. गल्लीतल्या तुंबणाऱ्या गटाराबद्दल बोलल्या, एका बाईने लिहून घेतलं, आणि वर्षभरात काम झालं. मग मी विचारलं, समजा गटार झालं नसतं, तर पुढच्या वेळी त्यांना पाडता आलं असतं का?

त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाडायचं कसं? यादी आमच्याकडे आयती येते." आणि नातीला हाक मारून फोन तिच्याकडे दिला.

गाऱ्हाणं पोचतं. माझ्यासाठी हे खरं आहे आणि ते मी कमी लेखणार नाही. पण गाऱ्हाणं पोचवणारा निरोप्या आणि आपण पाठवलेला माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आता मला वाटतं.

मधुमालती

ताई, आजींना हे वाचून दाखवलं, जर्मनमध्ये सांगत सांगत. त्या विचारतात, हनोईत आडोसा आहे का? आणि तिथवर किती पावलं?

हनोईकर

आहे. मी दारातून पाहिला होता, निळा पडदा लावलेला. पावलं मोजली नाहीत. बाईंना विचारून सांगते.